आचार्य कूकाई आणि मान्नोचा बांध

जपान हा बेटांचा देश आहे. त्याच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान बेटाचे नाव शिकोकू. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कागावा नावाचा एक चिमुकला प्रांत आहे. प्राचीन काळी त्याला सानुकी म्हणत असत. जपानात इतरत्र पाऊस विपुल पडतो. परंतु सानुकीच्या दक्षिणेस डोंगरांच्या रांगा आहेत आणि उत्तरेस समुद्रापलीकडेही डोंगरच आहेत. पावसाळी वारे आपले बहुतेक पाणी या डोंगरांवर सांडून येतात आणि मधल्या मैदानाच्या वाट्याला थोडेच उरते. नद्या आहेत, पण त्या आखूड व तीव्र उताराच्या. पाऊस पडला की त्या दोन-चार दिवस फेसाळत धावतात, आणि समुद्राला मिळताच पुन्हा त्यांच्या पात्रांत वाळू व गोटे दिसू लागतात.

भाताच्या पिकाला तर गुडघाभर चिखल आणि वेळेवर पाणी हवे. आभाळ देत नाही आणि नदी थांबत नाही, अशा स्थितीत सानुकीच्या शेतकऱ्यांनी एकच उपाय जाणला होता. नदीच्या वाटेत मातीची पाळ घालावयाची, पावसाचे पाणी अडवावयाचे आणि रोपे लावण्याच्या वेळी ते पाटाने शेतांत सोडावयाचे. आजही या लहानशा प्रांतात असे दहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतला सर्वांत मोठा तलाव मान्नो येथे आहे. कानाकुरा नावाची एक छोटी नदी सानुकीच्या डोंगरांतून उतरते, वीस किलोमीटरांच्या आसपास वाहते आणि समुद्रात जाते. ती डोंगरातून मैदानात येते त्या अरुंद खिंडीत, इ. स. 701 ते 704 या काळात, प्रांताच्या सुभेदाराने मातीचा बांध घालून हा तलाव निर्माण केला.

या तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या मैदानात, आज जेथे झेन्त्सूजी हे गाव आहे तेथे, इ. स. 774 मध्ये साएकी नावाच्या घराण्यात एक मुलगा जन्मास आला. त्याचे बालपणीचे नाव माओ. पुढे सारा जपान त्याला कूकाई या नावाने ओळखू लागला.

माओ बुद्धीने तल्लख होता. त्याचा मामा राजधानीत मोठा पंडित होता. पंधराव्या वर्षी माओ त्याच्याकडे शिकावयास गेला आणि अठराव्या वर्षी त्याने तेथील विद्यापीठात प्रवेश मिळविला. या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना दरबारी अधिकाराच्या जागा मिळत. घरच्या मंडळींची हीच अपेक्षा होती; परंतु माओचे मन ग्रंथांच्या पाठांतरात रमेना. त्याने विद्यापीठ सोडले, बौद्ध साधकाचा वेष धारण केला आणि तो आपल्या शिकोकू बेटातील डोंगरदऱ्यांत व समुद्रकाठच्या गुहांत तपश्चर्या करीत हिंडू लागला. आप्तांना हे रुचले नाही, यात नवल नाही. त्यांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून चोविसाव्या वर्षी त्याने एक ग्रंथ लिहिला. त्या काळच्या तीन धर्मपंथांची तुलना करून आपण हा मार्ग का निवडला हे त्याने त्यात समजावून सांगितले. तो ग्रंथ जपानात अजूनही वाचला जातो.

कूकाई यांना ज्या विद्येची तहान होती ती चीनमध्ये मिळण्यासारखी होती. इ. स. 804 मध्ये जपानच्या सम्राटाचे वकील चार जहाजांतून चीनला निघाले. त्यांच्यासमवेत कूकाई यांना जाण्याची संधी मिळाली. वाटेत वादळाने गाठले. चारांपैकी दोनच जहाजे चीनला पोहोचली. कूकाई यांचे जहाज चौतीस दिवस समुद्रावर भरकटले आणि ठरलेल्या बंदरापासून फार दूर दक्षिणेला किनाऱ्यास लागले. तेथील अधिकाऱ्यांना हे लोक चाचे वाटले. ते त्यांना उतरू देईनात. तेव्हा वकिलांच्या वतीने कूकाई यांनी चिनी भाषेत एक पत्र लिहिले. त्यातील भाषा इतकी शुद्ध आणि अक्षर इतके सुंदर होते, की अधिकाऱ्यांचा संशय फिटला आणि या पाहुण्यांना राजधानीचा मार्ग मोकळा झाला.

चांगआन ही चीनची राजधानी त्या काळी जगातील मोठ्या नगरांपैकी एक होती. नाना देशांचे व्यापारी, भिक्षू आणि पंडित तेथे एकत्र येत. आपल्या भारतातील पंडितही तेथे होते. त्यांपैकी प्रज्ञ नावाच्या भिक्षूंजवळ कूकाई यांनी संस्कृतचे धडे घेतले. हुइगुओ नावाच्या थोर आचार्यांनी त्यांना आपले शिष्य केले आणि काही महिन्यांतच आपली सारी विद्या त्यांच्या ओंजळीत घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस गुरूंचे देहावसान झाले. आपल्या देशी परत जाऊन ही विद्या लोकांना द्यावी, अशी त्यांनी या शिष्याला आज्ञा केली होती. इ. स. 806 मध्ये कूकाई मायदेशी परतले. त्यांनी आणलेल्या ग्रंथांत संस्कृत मंत्रांच्या पोथ्या होत्या. ज्या लिपीत त्या लिहिल्या होत्या तिचे नाव सिद्धम्. ही लिपी आपल्या देवनागरीची नात्याने बहीणच लागते, आणि जपानमधील मंदिरांत व समाधिशिलांवर ती आजही कोरलेली आढळते.

वास्तविक कूकाई यांना चीनमध्ये वीस वर्षे राहण्याची आज्ञा होती, आणि ते दोनच वर्षांत परतले होते. त्यामुळे काही काळ त्यांना राजधानीत पाऊल टाकता आले नाही. पुढे सागा नावाचा सम्राट गादीवर आला. तो स्वतः उत्तम सुलेखनकार होता. त्या काळातील तीन श्रेष्ठ सुलेखनकारांत जपानी लोक या सम्राटाची आणि कूकाई यांची गणना करतात. कुंचल्याच्या या समान आवडीमुळे दोघांचा स्नेह जडला. इ. स. 816 मध्ये सम्राटाने कोया नावाचा दुर्गम पर्वत मठ स्थापण्यासाठी कूकाई यांना दिला. दीक्षा घेण्यासाठी, ग्रंथ समजावून घेण्यासाठी, एखादा लेख लिहवून घेण्यासाठी लोक त्यांच्याकडे दुरून येऊ लागले. मठाचे बांधकाम चालू होते आणि त्यांना क्षणाची उसंत नव्हती.

इकडे सानुकीत मात्र विपरीत घडले होते. इ. स. 818 मध्ये कानाकुरा नदीला मोठा पूर आला आणि मान्नोचा बांध फुटला.

मातीचा बांध फुटतो म्हणजे काय होते, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. मातीला दगडासारखा चिवटपणा नसतो. ती उभी राहते ती आपल्या वजनाने आणि रुंदीने. म्हणून असा बांध पायथ्याशी फार रुंद व माथ्याशी अरुंद ठेवतात. माती एकदम ओतून चालत नाही. तिचा एक थर पसरावयाचा, त्यातील ढेकळे फोडावयाची, बेताचे पाणी शिंपून तो धुम्मसाने चोपावयाचा, आणि मगच त्यावर दुसरा थर घालावयाचा. पाण्याकडच्या अंगाला चिकणमाती असली म्हणजे पाणी आत झिरपत नाही. इतके करूनही दोन भये राहतातच. एक म्हणजे पूर माथ्यावरून वाहू लागण्याचे. बांधावरून पाण्याची बोटभर धार जरी वाहू लागली, तरी ती माती कापत जाते, घळ पाडते, आणि थोड्याच वेळात सारा तलाव त्या घळीतून बाहेर पडतो. दुसरे भय गळतीचे. शेतांना पाणी देण्यासाठी बांधाच्या पोटातून मोरी काढलेली असते. तिच्या कडेने पाण्याला बारीकशी वाट मिळाली, की ते आतल्या आत माती वाहून नेते आणि वरून धडधाकट दिसणारा बांध आतून पोखरला जातो.

फुटलेल्या बांधाखालची गावे तर वाहून जातातच. पण खरे संकट पुढच्या वर्षी येते. तलावात पाणी नाही, म्हणून रोपे लावता येत नाहीत. रोपे नाहीत, म्हणून भात नाही. सरकारी सारा मात्र चुकत नाही.

दरबाराने या संकटाकडे डोळेझाक केली असे म्हणता येणार नाही. इ. स. 820 मध्ये हामात्सुगू नावाचा अधिकारी बांध दुरुस्त करण्यासाठी पाठविण्यात आला. त्याच्यापाशी अधिकार होता आणि राजाज्ञाही होती. पण काम पुढे सरकेना. तलाव अवाढव्य आणि माणसे थोडी, त्यामुळे काम केव्हा पुरे होईल याचा अंदाज करता येत नाही, अशी सानुकीच्या सुभेदाराची तक्रार होती. माणसे थोडी का होती? त्या काळी प्रजेला सरकारी कामावर वेठीने राबावे लागे. दोन वर्षे पिकाला मुकलेला शेतकरी कोणत्या उमेदीने पाटी उचलणार? पावसाळ्यापूर्वी अर्धा घातलेला बांध पुरात वाहून जातो आणि सारे श्रम वाया जातात, हेही त्याला पक्के ठाऊक होते.

शेवटी इ. स. 821 मध्ये सुभेदाराने दरबाराकडे एक विनंती केली. ती मोठी विलक्षण होती. त्याने अधिक पैसा मागितला नाही, की अधिक शिपाई मागितले नाहीत. त्याने एक भिक्षू मागितला. कूकाई हे याच प्रांताचे सुपुत्र असून येथील लोक त्यांना मातापित्यांसमान मानतात, ते येणार असे कळताच लोक पायांत वहाणा घालण्याचेही न थांबता धावत सुटतील, तरी त्यांना या कामाचे प्रमुख नेमावे, अशा आशयाचा तो अर्ज होता. दरबाराने तो मान्य केला.

कूकाई यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. हाती घेतलेला मठ अपुरा होता. बांधकाम हा काही भिक्षूचा व्यवसाय नव्हे, असे सांगून त्यांना ही जबाबदारी टाळता आली असती. त्यांनी ती टाळली नाही. एक तरुण शिष्य आणि चार सेवक एवढ्यांनाच बरोबर घेऊन ते सानुकीत आले.

आणि सुभेदाराचा अंदाज खरा ठरला. ज्या कामावर वेठीनेही माणसे मिळत नव्हती, त्या कामावर गावेच्या गावे लोटली. ज्या मैदानात आपले बालपण गेले त्याच्यासाठी हा विद्वान परत आला आहे, हे लोकांनी पाहिले. सम्राटाच्या पंक्तीला बसणारा आणि चीनमधील आचार्यांनी गौरविलेला पुरुष आपल्या बांधावर उभा आहे, या गोष्टीनेच त्यांच्या अंगात बळ आले असावे. तलावाकडे झुकलेल्या एका खडकावर कूकाई यांनी होमाची वेदी मांडली आणि काम निर्विघ्नपणे तडीस जावे म्हणून प्रार्थना आरंभिली, असे परंपरा सांगते. तेथून सारा बांध दृष्टीस पडत असे. कामावरच्या माणसाने मान वर करावी, तो आचार्य समोर दिसावेत. तो खडक अद्याप आहे. पुढे तलावाची पातळी वाढली, तेव्हा त्याचे एक लहानसे बेट झाले.

सुमारे तीन महिन्यांत बांध पुरा झाला. वर्षानुवर्षे रखडलेले काम पुरे झाले आणि तलाव पुन्हा भरू लागला.

या बांधाच्या रचनेविषयीही दोन गोष्टी कूकाई यांच्या नावाने सांगतात. त्यांनी बांध सरळ न घालता तलावाच्या बाजूस कमानीसारखा वळविला. त्यामुळे पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर विभागला जातो. तसेच, पुराचे जादा पाणी निघून जावे म्हणून बांधाच्या कडेला अस्सल खडकातून सांडवा खोदविला. मातीवरून पाणी वाहिले तर बांध जातो. खडकावरून वाहिले तर काहीच बिघडत नाही. ही समजूत साधी आहे, पण ती ज्याला सुचते त्याने नदी आणि माती या दोघींचे स्वभाव ओळखलेले असतात.

शिकोकू बेटात कूकाई यांच्याविषयी असंख्य दंतकथा आहेत. तहानलेल्या गावी त्यांनी हातातील काठी जमिनीवर आपटली आणि झरा फुटला, अशी कथा नाही असे गाव तेथे विरळा. त्या कथा गोड आहेत. परंतु काठीच्या एका आघाताने निघालेल्या झऱ्यापेक्षा हजारो हातांनी तीन महिने माती वाहून उभा केलेला बांध मला अधिक मोठा वाटतो, आणि त्याची नोंद तर इतिहासात आहे.

मान्नोचे काम संपवून कूकाई आपल्या कार्याकडे परतले. इ. स. 823 मध्ये सम्राटाने त्यांना राजधानीतील तोजी हे मंदिर सोपविले. इ. स. 828 मध्ये त्यांनी त्या मंदिराजवळ एक शाळा काढली. त्या वेळी राजधानीचे विद्यापीठ सरदारांच्या मुलांसाठी होते. गरिबाच्या मुलाला विद्येचे दार बंद होते. कूकाई यांच्या शाळेत कोणत्याही कुळातील मुलास प्रवेश मिळे, आणि गुरू व शिष्य या दोघांच्याही जेवणाची सोय शाळाच करी. उपाशी पोटी विद्या येत नाही, हे सानुकीच्या या पुत्राला कोणी सांगावयास नको होते. दुर्दैवाने त्यांच्या पश्चात ही शाळा फार काळ चालली नाही.

इ. स. 835 मध्ये कोया पर्वतावर कूकाई यांनी देह ठेवला. भाविकांची श्रद्धा अशी, की ते तेथे अद्याप समाधीत बसले आहेत. म्हणून दररोज दोन वेळा त्यांच्या समाधिस्थानी जेवणाचे ताट नेले जाते. इ. स. 921 मध्ये सम्राटाने त्यांना कोबो दाइशी ही पदवी दिली. दाइशी म्हणजे महान आचार्य. त्यांच्या सुलेखनाचा लौकिक इतका, की थोरामोठ्यांच्याही हातून चूक होते हे सांगताना जपानी लोक कोबोचा कुंचलाही कधी घसरतो, अशा अर्थाची म्हण वापरतात.

मान्नोच्या बांधाची कथा मात्र येथे संपत नाही. कूकाई यांनी घातलेला बांध चिरकाल टिकला असे वाचावयास आपल्याला आवडले असते. पण तसे घडले नाही. इ. स. 851 च्या महापुरात तो फुटला. पुन्हा दुरुस्त झाला, पुन्हा फुटला. इ. स. 1184 मध्ये तो जो फुटला तो साडेचारशे वर्षांच्या आसपास तसाच पडून राहिला. तलावाच्या तळात लोकांनी शेते केली, घरे बांधली आणि तेथे एक गाव वसले. पुढे भयंकर अवर्षण पडले, तेव्हा निशिजिमा हाचिबेई नावाच्या कुशल स्थापत्यकाराने इ. स. 1628 ते 1631 या काळात तो बांध पुन्हा उभा केला.

त्यानंतरच्या काळात बांधाच्या पोटात लाकडी मोरी असे. पाण्याकडच्या उतारावर एक लाकडी नळ बसवून त्याला एकाखाली एक अशी भोके ठेवीत आणि ती खुंट्यांनी बुजवीत. पाणी हवे असेल तेव्हा वरची खुंटी प्रथम काढावयाची. पृष्ठभागावरचे पाणी उन्हाने तापलेले असते आणि कोवळ्या भातरोपाला तेच मानवते. ही योजना उत्तम होती, पण लाकूड कुजे आणि काही वर्षांनी बांध खणून मोरी बदलावी लागे. हे कष्ट वाचावेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे दगडी मोरी घातली. इ. स. 1854 मध्ये भूकंप झाला, दगडांचे सांधे हलले, गळती सुरू झाली आणि काही दिवसांतच बांध वाहून गेला. त्यानंतर सोळा वर्षे तलाव कोरडा होता. हासेगावा सातारो या गृहस्थाने आपली सारी संपत्ती वेचून तो इ. स. 1870 मध्ये पुन्हा उभारला. या वेळी मोरी मातीतून न नेता बाजूच्या खडकाला भोक पाडून काढली. सातारो मात्र उत्तर आयुष्यात दरिद्री झाला.

विसाव्या शतकात बांधाची उंची तीन वेळा वाढविण्यात आली. शेवटची वाढ इ. स. 1959 मध्ये पुरी झाली. आज हा मातीचा बांध 32 मीटर उंच आहे आणि त्यामागे 1 कोटी 54 लक्ष घनमीटर पाणी साठते. तलावाचा घेर सुमारे वीस किलोमीटर आहे.

दरवर्षी जूनच्या मध्यास मान्नोच्या बांधावर लोक जमतात. पूजाअर्चा होते आणि तलावाची मोरी उघडली जाते. प्रारंभी पाणी मोठ्या आवाजाने उसळते, मग शांत होऊन कालव्याला लागते. कालव्यातून ते पाटांत जाते, पाटांतून चाऱ्यांत, आणि मैदानात उतरून झेन्त्सूजीच्या आसपासच्या भातखाचरांत पसरते.